कामानिमित्त जाणे आणि काम करायला जाणे

बिझनेस व्हिसा आणि वर्क परमिट यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्नांची उत्तरे या वेळी दिली आहेत. पत्रे वेगवेगळ्या व्यवसायांतील लोकांची असली, तरी बहुतेक गोंधळाचे मूळ एकाच शब्दात आहे. मराठीत आपण ‘कामासाठी गेलो होतो’ असे म्हणतो, तेव्हा त्यात बैठक, सौदा, पाहणी, दुरुस्ती, नोकरी असे सारेच मावते. परदेशी कायद्यात मात्र कामानिमित्त येणारा माणूस आणि काम करायला येणारा माणूस हे दोघे निराळे आहेत आणि त्यांच्या परवान्यांचे रस्तेही निराळे आहेत : पहिल्यासाठी बिझनेस व्हिसा, दुसऱ्यासाठी वर्क परमिट. पुढील उत्तरे वाचताना हा भेद लक्षात ठेवावा, अशी विनंती.

प्रश्न : मी यंत्रनिर्मिती करणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आहे. आमच्या कंपनीने परदेशातील एका कारखान्याला स्वयंचलित पॅकिंग लाइन विकली असून ती जोडून, चालू करून देण्यासाठी मला तीन आठवडे पाठवले जाणार आहे. पगार आमचीच कंपनी देणार असल्यामुळे बिझनेस व्हिसा पुरेसा आहे, असे आमचे व्यवस्थापक म्हणतात. तिकडचा ग्राहक मात्र वर्क परमिटचा आग्रह धरतो. कोणाचे बरोबर?

उत्तर : आपल्या व्यवस्थापकांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. पगार मूळ देशातून मिळणे ही बहुतेक देशांत बिझनेस व्हिसाची एक अट असते. पण ती पुरी झाली म्हणून तिथे जाऊन कोणतेही काम करण्याची मुभा मिळते, असे नाही. आपण तिथे प्रत्यक्षात काय करणार आहात, हे अधिकारी पाहतो. बैठका, वाटाघाटी, करारावर सह्या, प्रदर्शनाला भेट, परिषदेला उपस्थिती, कारखान्याची पाहणी या गोष्टी जवळजवळ सर्वत्र बिझनेस व्हिसात बसतात. यंत्र बसवणे आणि चालू करून देणे ही मात्र काठावरची गोष्ट आहे आणि प्रत्येक देशाने आपली रेषा आपापल्या जागी आखली आहे.

अमेरिकेच्या बी-१ या बिझनेस व्हिसावर, अमेरिकेबाहेरच्या कंपनीकडून विकत घेतलेले व्यापारी किंवा औद्योगिक यंत्र बसवण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी किंवा ते चालवण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी जाता येते; परंतु ही सेवा पुरवण्याची जबाबदारी विक्रीच्या करारातच विक्रेत्यावर टाकलेली असावी लागते, जाणाऱ्याकडे त्या यंत्राचे विशेष ज्ञान असावे लागते आणि त्याला अमेरिकेतून मोबदला मिळता कामा नये. बांधकामाचे काम या सवलतीत येत नाही. त्यावर देखरेख करणे किंवा ते करणाऱ्यांना शिकवणे एवढेच चालते. ब्रिटनच्या व्हिजिटर नियमांतही परदेशी उत्पादकाच्या किंवा पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याला यंत्र बसवणे, सोडवणे, दुरुस्त करणे याची परवानगी आहे, मात्र ब्रिटिश कंपनीशी खरेदीचा, पुरवठ्याचा किंवा भाडेपट्ट्याचा करार हवा. कॅनडा विक्रीपश्चात सेवेसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाला अशाच अटींवर बिझनेस व्हिजिटर मानतो. सिंगापूरमध्ये काही ठरावीक कामांना वर्क पासातून सूट आहे, पण तिथे पोहोचल्यावर, काम सुरू करण्याआधी, मनुष्यबळ मंत्रालयाला ऑनलाइन कळवावे लागते. ऑस्ट्रेलियात मात्र अशा थोड्या दिवसांच्या विशेष कामासाठी सबक्लास ४०० हा वेगळाच व्हिसा आहे. शेंगेन देशांचा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्प मुदतीचा व्हिसा समान असला, तरी परकी माणसाला काम करू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणून जर्मनीत मिळणारी सूट फ्रान्समध्ये गृहीत धरता येत नाही.

ही रेषा किती नाजूक असते, हे ४ सप्टेंबर २०२५ रोजी दिसले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात उभारणी चालू असलेल्या एका बॅटरी कारखान्यावर तिथल्या यंत्रणांनी छापा घालून ४७५ जणांना ताब्यात घेतले. त्यांत ३०० हून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते आणि त्यांतले बरेच जण अल्प मुदतीच्या व्यावसायिक व्हिसावर किंवा व्हिसामाफीवर आलेले होते. पुढे दोन्ही सरकारांची बोलणी झाली आणि बी-१ व्हिसावर यंत्रे बसवणे व त्यांची देखभाल करणे चालते, हे अमेरिकेने पुन्हा स्पष्ट केले. पण तोवर ती माणसे सुमारे आठवडाभर कोठडीत काढून मायदेशी परतली होती. नियम आपल्या बाजूने असणे आणि ते ऐन वेळी दाखवून देता येणे यांत केवढे अंतर आहे, हे या घटनेवरून ध्यानात यावे.

म्हणून निघण्यापूर्वी विक्रीचा करार स्वतः वाचा. यंत्र बसवून देण्याचे कलम त्यात नसेल, तर नंतर लिहिलेल्या पत्राने ती उणीव भरून निघेलच असे नाही. दुसरे असे की, आपल्या तीन आठवड्यांच्या कामाची फोड करा. लाइनचे भाग जोडणे, सेन्सर लावणे, प्रोग्रॅम भरणे, चाचणी घेणे ही यंत्राची कामे झाली. पाया घालणे, कारखान्याची विजेची वायरिंग ओढणे, छताच्या लोखंडाला वेल्डिंग करणे ही बांधकामाची कामे आहेत आणि ती स्थानिक ठेकेदाराकडेच राहिली पाहिजेत. तिथला फोरमन गडबडीत ‘एवढे करून द्या’ म्हणाला, तरी हात लावू नका. ग्राहकाच्या आग्रहाला केवळ भित्रेपणा समजू नये. परवान्याशिवाय परकी माणसाकडून काम करून घेतल्याचा दंड अनेक देशांत यजमान कंपनीला होतो, त्यामुळे तिथल्या वकिलाचे लेखी मत मागवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्या मताने वर्क परमिट लागेल असे ठरले, तर वेळापत्रक दोन महिने पुढे ढकलणे व्यवस्थापकांना जड जाईल, हे मी समजू शकतो. पण विमानतळावर उभे राहायचे आहे ते तुम्हाला, त्यांना नव्हे. आपण तरुण कर्मचारी असाल, तर हे बोलताना संकोच वाटेल. तरीही बोला, आणि तोंडी नव्हे, ई-मेलने बोला.

प्रश्न : माझ्याकडे शेंगेनचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे. तरी ‘९० दिवस संपले’ असे ट्रॅव्हल एजंट सांगतो. व्हिसा तर अजून सव्वा वर्ष शिल्लक आहे.

उत्तर : व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत यांची ही गल्लत सर्वांत जास्त पत्रांत दिसते. व्हिसावरच्या दोन तारखांच्या दरम्यान आपण सीमेवर जाऊ शकता, एवढाच मुदतीचा अर्थ आहे. आत किती दिवस राहायचे, याचा नियम वेगळा आहे : कोणत्याही सलग १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून मोजायचे नसतात. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, त्या दिवसासह, मागे १८० दिवस मोजायचे असतात. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात.

उदाहरण घेऊ. वर्ष लीप नाही, असे समजा. आपण १० जानेवारीला गेलात आणि १० मार्चला परतलात, म्हणजे ६० दिवस खर्च झाले. १ जूनला पुन्हा गेलात, तर मागच्या १८० दिवसांत ते सर्व ६० दिवस अजून मोजले जातात, म्हणून ३० जूनला बाहेर पडावेच लागेल. तेच २० जूनला गेलात, तर ९ जुलैपासून जानेवारीतला एकेक दिवस रोज हिशेबातून गळू लागतो आणि आपल्याला १७ सप्टेंबरपर्यंत सलग ९० दिवस राहता येते. प्रवास एकोणीस दिवस पुढे नेल्याने मुक्काम तिप्पट होतो, हे वहीवर मांडल्याशिवाय पटत नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे. मात्र आधी स्वतः मांडणी करून मग ते पडताळणीसाठी वापरावे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पूर्वी पुसट शिक्क्यांमुळे सुटून जाणारी चूक आता सुटणार नाही.

अमेरिकेचेही तसेच. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचे ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. विमानतळाबाहेर पडल्यावर त्याच दिवशी ती ऑनलाइन पाहून घ्यावी.

प्रश्न : मी वेल्डर आहे. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी देतो, असे सांगणारा एक एजंट म्हणतो की, आधी व्हिजिट व्हिसावर जा, कामाला लाग, महिन्याभरात वर्क परमिट होईल. तो मोठी रक्कम आगाऊ मागतो आणि पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायला सांगतो. जावे का?

उत्तर : या अटींवर जाऊ नका. आपल्या कष्टाच्या पैशांचा आणि आपल्या सुटकेच्या मार्गाचा हा प्रश्न आहे, म्हणून इतके सरळ लिहीत आहे.

तिथे गेल्यावर व्हिजिट व्हिसाचे रूपांतर नोकरीच्या निवासी परवान्यात करता येते, ही एजंटाची गोष्ट खोटी नाही. खोटे आहे ते ‘कामाला लाग’ हे सांगणे. वर्क परमिट निघेपर्यंत एक दिवस केलेले कामही बेकायदा आहे. २०२४ मध्ये अमिरातीने कायद्यात दुरुस्ती करून परवान्याशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाचा दंड किमान १ लाख आणि कमाल १० लाख दिरहॅम केला. पण धाड पडल्यावर कामगारही अडकतो, आणि तोवरच्या मजुरीवर हक्क सांगायला त्याच्या हाती करार नसतो. ‘महिन्याभरात’ म्हणणारा एजंट त्या वेळी फोन उचलत नाही, हे मी अनेक पत्रांतून वाचले आहे.

पैशांविषयी तिथला कायदा स्पष्ट आहे. २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. तो कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असे तत्त्व आहे. पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणेही अमिरातीत बेकायदा आहे, आणि कागदपत्रे काढून घेणे हे वेठबिगारीचे एक लक्षण म्हणून ही संघटना मोजते. पासपोर्ट व्हिसाचा शिक्का मिळवण्यासाठी काही दिवस देणे निराळे आणि ‘माझ्याकडे राहू दे’ म्हणून ठेवणे निराळे.

खऱ्या नोकरीत आधी मानव संसाधन आणि अमिरातीकरण मंत्रालयाच्या नमुन्यातले ऑफर लेटर येते. त्यात हुद्दा, मूळ पगार, भत्ते, सुटी आणि मुदत लिहिलेली असते, आणि पुढचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. ते पत्र मागा. हुद्द्याच्या जागी ‘हेल्पर’ आणि तोंडी ‘वेल्डर’ असे असेल, तर पगार हेल्परचाच मिळेल. पत्र आले, तर त्याचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या, किंवा मुलाबाळांपैकी ज्याला इंटरनेटची सवय आहे त्याच्याकडून तपासून घ्या. पत्र येत नसेल, तर नोकरीच नाही असे समजा.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी माझा बिझनेस व्हिसा एका देशाने नाकारला होता. आता दुसऱ्या देशाच्या अर्जात ‘पूर्वी नकार मिळाला आहे का’ असा प्रश्न आहे. सल्लागार म्हणतो, ‘नाही’ लिहा, त्यांना कळणार नाही.

उत्तर : ‘होय’ लिहा आणि सल्लागार बदला. अनेक देश आपापसांत अर्जदारांची आणि बोटांच्या ठशांची माहिती पडताळून पाहतात. पण पकडले जाण्याची शक्यता बाजूला ठेवली, तरी हिशेब सोपा आहे. जुना नकार सहसा आपली वाट कायमची अडवत नाही. त्याचे कारण दूर झाले असेल, तर अधिकारी ते मान्य करतो. खोटे विधान मात्र स्वतंत्र अपराध ठरते. कॅनडात त्यासाठी पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंतची आहे, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची आहे, आणि अमेरिकेत जाणूनबुजून केलेले महत्त्वाचे खोटे विधान माणसाला कायमचे अपात्र करते. त्यातून सुटका हवी असेल, तर माफीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्जाला एक पान जोडा : कोणत्या वर्षी, कोणत्या प्रकारच्या व्हिसाला, कोणते कारण देऊन नकार मिळाला आणि त्यानंतर आपल्या परिस्थितीत काय बदलले. त्या पानावर जुन्या अधिकाऱ्याबद्दल तक्रार लिहू नये.

प्रश्न : नोकरी गेल्यास वर्क परमिटचे काय होते? माझा परमिट मालकाच्या नावाशी बांधलेला आहे.

उत्तर : तसा परमिट म्हणजे त्या मालकाकडे, त्या हुद्द्यावर आणि पुष्कळदा त्याच ठिकाणी काम करण्याची परवानगी. नोकरी संपली की, काम करण्याचा हक्क लगेच संपतो; राहण्याचा हक्क किती दिवस टिकतो, ते देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरीच्या व्हिसाच्या धारकाला सलग ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते, पण आय-९४ त्याआधी संपत असेल, तर तेवढेच दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये मालकाने १० कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवायचे असते, त्यानंतर गृहखात्याचे पत्र येते आणि मुक्काम सहसा ६० दिवसांवर आणला जातो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ही मुदत एका वेळी १८० दिवसांपर्यंत वाढवली. माझ्या मते हा बदल न्याय्य आहे, कारण दोन महिन्यांत नवा मालक शोधून त्याच्याकडून कागद करून घेणे कुशल माणसालाही अवघड जाते, आणि त्या भीतीपोटी लोक वाईट वागणूक सोसत राहतात.

आपण आजच दोन गोष्टी करून ठेवाव्यात. परमिट, करार, पगाराच्या पावत्या आणि मालकाने आपल्यासाठी सरकारकडे दाखल केलेल्या अर्जाची प्रत स्वतःच्या ई-मेलवर ठेवा. कंपनीचा ई-मेल शेवटच्या दिवशी दुपारी बंद होतो. आणि राजीनामा देणार असाल, तर नव्या मालकाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर पोहोचल्यावर काम सुरू करता येते, हे आधी विचारा. अमेरिकेत एच-१बी धारकाला नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येते. ब्रिटनमध्ये तो मंजूर व्हावा लागतो.

प्रश्न : बिझनेस व्हिसावर गेलो असताना संध्याकाळी हॉटेलातून माझ्या मूळ नोकरीचे काम लॅपटॉपवर केले, तर ते ‘काम’ धरले जाते का? आणि १८३ दिवसांपेक्षा कमी राहिल्यास कर लागत नाही, हे खरे का?

उत्तर : पहिल्या भागापुरते बोलायचे, तर ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून नियमातच लिहिले आहे की, व्हिजिटरला आपल्या परदेशी नोकरीचे काम दुरून करता येते, मात्र तो भेटीचा मुख्य हेतू असू नये. अनेक देशांनी असे स्पष्ट लिहिलेले नाही. बैठकीसाठी गेलेल्या माणसाने रात्री मूळ कार्यालयाच्या ई-मेलांना उत्तरे देणे आणि यजमान कंपनीच्या खुर्चीत बसून त्यांच्या प्रकल्पाची कोडिंग करणे या दोन टोकांपैकी दुसरे जवळजवळ कुठेही चालत नाही.

१८३ दिवसांची गोष्ट अर्धवट पसरली आहे. दोन देशांतील करविषयक करारांच्या प्रचलित नमुन्यात तीन अटी एकत्र आहेत : मुक्काम ठरावीक बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त नसावा, पगार त्या देशात न राहणाऱ्या मालकाने दिलेला असावा, आणि त्या पगाराचा बोजा मालकाच्या तिथल्या शाखेवर किंवा कायम आस्थापनेवर, म्हणजे व्यवसायाच्या तिथल्या कायम ठिकाणावर, पडलेला नसावा. एक अट मोडली, तरी कर पहिल्या दिवसापासून लागू शकतो. शिवाय हा कराचा नियम आहे. त्याचा व्हिसाशी संबंध नाही. १८३ दिवसांच्या आत परतल्याने परवान्याशिवाय केलेले काम कायदेशीर होत नाही.

प्रश्न : माझा छोटा उद्योग आहे. परदेशी प्रदर्शनाला जाण्यासाठी तिकडच्या ग्राहकाचे आमंत्रणपत्र हवे आहे. त्यात काय असावे?

उत्तर : पत्र लहान आणि नेमके असावे. कोण बोलावत आहे, त्यांचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता, आपले पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे, भेटीच्या तारखा, कोणत्या मालाबद्दल बोलणी होणार आहेत, आणि राहण्याचा व प्रवासाचा खर्च कोण करणार, एवढे पुरे. ‘व्यवसायवृद्धीसाठी’ यासारखे मोघम शब्द टाळावेत. त्याऐवजी आधी झालेल्या पत्रव्यवहाराची किंवा नमुना मागणीची प्रत जोडावी. शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा, आणि अनेक देशांत जाणार असाल, तर भेटीचा मुख्य हेतू किंवा सर्वाधिक मुक्काम जिथे, त्या देशाकडे अर्ज द्यायचा. प्रदर्शनात माल मांडणे आणि मागण्या घेणे बिझनेस व्हिसात बसते. ठेल्यावरून तिथल्या तिथे माल विकून पैसे घेणे बसेलच असे नाही, म्हणून नमुन्यांची संख्या विक्रीसाठी आणल्यासारखी दिसू देऊ नये आणि प्रत्येक खोक्यासोबत मालाची यादी ठेवावी.